पाणी तोडलेला उन्हाळा

नागपूरच्या उन्हाळ्याचं मनापासून कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बाहेरगावचे पाहुणे हिवाळ्यात येतात, टोपलीभर संत्री खातात, ‘काय सुंदर हवा आहे हो तुमच्याकडे’ म्हणतात आणि होळीच्या आत पळ काढतात. मागे उरतो आम्ही. खिडक्यांना कूलर चढतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली माणसं भिंतीच्या सावलीनं चोरासारखी चालतात, आणि दुपारी बारा ते पाच या वेळात कुणी कुणाच्या घरी गेलं तर ते भांडायलाच आलं असं धरून चालतात.

यंदाही तो वेळेवर आला. परवा कूलरवाला जाळीतलं गवत बदलून गेला. पंखा सुरू केला तसा ओल्या गवताचा वास घरभर झाला, आणि समोरच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, शकूताईनं, मान वळवून कूलरकडे पाहिलं. मग मान पुन्हा होती तिथे नेली. मी शाळेत शिकवते, ती घरी बसते. पंधरा वर्षं झाली. माझ्या वर्गातल्या मुली मोठ्या होऊन त्यांच्या मुली माझ्या शाळेत यायची वेळ आली. ताईची खुर्ची मात्र तिथंच आहे, तिच्या पायाखालची फरशी झिजली आहे.

लोकांना या दिवसांत आंबे आठवतात. मला बेसाच्या बगीच्याचं पाणी आठवतं.

आमच्या बाबांचा बेसाला संत्र्याचा बगीचा होता. आमचं घर शहरातल्या महाल भागात, बेसा शहराबाहेरचं खेडं. बाबा रोज पहाटे सायकलनं जात आणि दिवेलागणीला परत येत. संत्र्याचं झाड मोठं हट्टी. त्याला पाणी देत राहिलात तर ते नुसतं हिरवंगार होऊन उभं राहतं, फूल म्हणून देत नाही. मृगाचा बहार हवा असेल तर उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडावं लागतं. विहीर भरलेली असते, इंजिन धडधाकट असतं, आणि तरीही महिना-दीड महिना त्याला थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, कडेनं वळतात, पिवळी पडून गळायला लागतात. नवख्या माणसाला ते पाहवत नाही. जाणता माणूस मात्र गळलेली पानं पाहून खूश होतो. झाडाला आतून तहान लागली, आता पाणी मिळालं की ते अंगभर फुलणार, हे त्याला ठाऊक असतं. बाबा तसे जाणते होते. कुठल्या झाडाचं पाणी किती दिवस तोडायचं, हे पंचक्रोशीतले लोक त्यांना विचारायला येत. पंधरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे झालं, ते या जाणतेपणातूनच झालं.

ताईला खाप्याला दिली होती. कन्हानच्या काठचं गाव, घरोघरी माग. तिच्या सासरचा धंदा लुगड्यांचा. मागावरची लुगडी गोळा करायची आणि दर शनिवारी नागपुरात गांधीबागेच्या बाजारात आणून ठोक व्यापाऱ्यांना घालायची. हे काम ताईच्या नवऱ्याकडे, आमच्या भाऊजींकडे होतं. माणूस सरळ, कमी बोलणारा, घडी घातलेल्या लुगड्यासारखा नीटनेटका. सहा वर्षं संसार चांगला चालला. कुंदा, त्यांची मुलगी, पाच वर्षांची झाली. मग एका दिवाळीत ताई अनारसे तळायला चुलीपुढे बसली. तूप तापलं, धूर निघाला, सासूनं दोनदा हाक मारली, आणि ही आपली कढईकडे पाहत बसलेली. सासूनं धावत येऊन कढई उतरवली आणि हिला दंडाला धरून बाजेवर नेऊन बसवलं. त्या दिवसापासून जिथं बसवाल तिथं ती बसून राहायची. महिन्याभरानं भाऊजी तिला आमच्याकडे सोडून गेले.

ती रडली असती तर फार बरं झालं असतं. रडणाऱ्या माणसाच्या पाठीवरून हात तरी फिरवता येतो. ताई रडत नव्हती, चिडत नव्हती, तक्रार करत नव्हती. हातात फणी घेऊन अर्धी वेणी सोडायची आणि तासाभरानं पाहावं तर अर्धी वेणी तशीच, फणी तशीच. जेवतेस का, तर हूं. झोपतेस का, तर हूं. एकदा मी चिडून तिला गदगदा हलवलं आणि म्हटलं, “ताई, काय होते ते सांग तरी!” ती म्हणाली, “काही होत नाही वं. तेच तं होऊन राहिलं.” मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला त्या वाक्याचा राग आला होता.

ताईच्या सासूबाई एकदा भेटायला आल्या. पाय पसरून बसल्या, ताईकडे बराच वेळ पाहिलं, आणि बाबांना म्हणाल्या, “हे पाहा भाऊ, मी काही वाईट बाई नाही. पण घरात मागावरचे चार माणसं जेवाले राहतात, पोट्टी लहान, अन् मी अशी गुडघ्यानं बसली. मृगापर्यंत वाट पाहू. शाळा लागाच्या आत शकुंतला उठली तं सोन्याहून पिवळं. नाही उठली तं कुंदी खाप्यातच राहीन, अन् पोराचं मले दुसरं पाहा लागन.”

त्यांचं काही चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट उरली. मृगाच्या आत ताईनं उठायचं. नाही उठली तर तिची मुलगी तिची राहणार नव्हती.

धंतोलीत मनाच्या आजाराचे एक डॉक्टर होते. त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. तीन आठवडे धीर धरा म्हणाले. आम्ही पाच धरले. ताईच्या तोंडाला कोरड पडायला लागली, हात थरथरायला लागले, सुईत दोरा ओवता येईना. बाकी जशीच्या तशी. मग पिवळ्या गोळ्या आल्या. मग पिवळ्या दुप्पट झाल्या. एका गोळीनं ती दिवसभर झोपायची, दुसरीनं टक्क जागी राहायची, आणि झोपलेली ताई काय, जागी ताई काय, आत कुणी असल्याचं कळत नसे. मी वहीत रेघा मारून दिवस मोजायचे. एकवीस रेघा झाल्या की नवीन पान.

फुकटच्या इलाजांची तर गल्लीत जत्राच भरली होती. कुणी ब्राह्मीचं तेल सांगितलं, कुणी ताईत आणून दिला. आमचे मामा उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. ते अमरावतीहून पत्र टाकायचे की तिला चांगला विनोदी सिनेमा दाखवा. नेलं तिला. सगळं थिएटर हसत होतं आणि ताई पडद्याशेजारच्या लाल दिव्याकडे पाहत होती. समोरच्या काकू रोज म्हणायच्या, “मन रमव वं शकू, मन रमवाले पाह्यजे.” एक दिवस मी त्यांना म्हटलं, “काकू, तुम्ही रमवून दाखवा.” त्या महिनाभर बोलल्या नाहीत. घर थोडं शांत झालं.

मार्चमध्ये विजेचे शॉक झाले. सहा ठरले होते. पहिल्या दोनांनंतर ताईला आपल्या घराचा जिना कुठल्या हाताला आहे तेही आठवेना. तिसऱ्यानंतर मात्र एक दिवस ती सकाळी उठून स्वयंपाकघरात आली, कपातला घोट घेतला आणि म्हणाली, “चहात अद्रक काहून नाही टाकलं माय?” आमची माय हातातला चिमटा टाकून रडायलाच लागली. तिनं शेजारीपाजारी पेढे वाटले. काकूंनाही दिले. बाबा त्या दिवशी बगीच्यात गेले नाहीत. ताईनं पोळ्या लाटल्या, माझं पोलकं शिवून दिलं, कुंदासाठी बाहुलीचं लुगडं कापलं. आठ दिवस आम्ही माणसात होतो. नवव्या दिवशी ती उठली नाही. पुढचे तीन शॉक झाले, पण ती सकाळ काही परत आली नाही. माझ्या मते त्या आठ दिवसांनीच आमचा घात केला. ती आत कुठंतरी आहे, हे आम्ही पाहिलं होतं. मग आता गप्प कसं बसायचं?

डॉक्टर खरं बोलणारे होते. म्हणाले, “काही पेशंटना ही औषधं लागू पडत नाहीत. का, ते आम्हालाही नीटसं कळलेलं नाही. यात तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही. आपण बदलून पाहत राहू.” बाबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर सायकलची साखळी बसवत म्हणाले, “म्हणजे या डॉक्टरायच्यानं होत नाही.”

शनिवार तेवढा आमचा बरा जायचा. भाऊजी लुगड्यांचे गठ्ठे गांधीबागेत टाकायच्या आधी कुंदाला आमच्याकडे सोडत आणि संध्याकाळच्या बसला घेऊन जात. येताना कन्हानच्या रेतीतलं एखादं डांगर आणायचे. आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. माय ते कापून साखर टाकून ठेवायची. कुंदा ताईच्या मांडीवर बसून फोडी खायची आणि खाप्याच्या बातम्या सांगायची. कुणाच्या मांजरीला पिलं झाली, कुणाच्या मागाचा धोटा कुणी पळवला. ताई हूं म्हणायची. पण ती कुंदाचे केस विंचरायची. फार हळूहळू, एकेक गुंता सोडवत, आणि वेणी पूर्ण घालायची. आठवडाभरात तेवढंच एक काम तिच्या हातून तडीस जायचं.

एप्रिल संपत आला तेव्हा बाबा मला बगीच्यात घेऊन गेले. इंजिनावर पोतं टाकलेलं होतं. झाडांखालची काळी जमीन भेगाळली होती. बाबांनी एका झाडाचं पान दोन बोटांत धरून पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुष्पे, एक इचारू का?”

“हाव बाबा.”

“आपण शकीले पाणी देऊन राहिलो. माय तिले हातानं चारते. पोट्टी दर शनिवारी आणून मांडीवर बसवतो. तिले उठाची गरजच काय उरली? मी म्हणतो, तिचं पाणी तोडून पाहाचं का?”

“म्हणजे काय कराचं?”

“कुंदीले आणाचं नाही. मृगापर्यंत. मायनं चाराचं नाही, ताट ठेवाचं अन् बाजूले व्हाचं. आपण बी कामापुरतंच बोलाचं. पोट्टीसाठी जीव तुटला पाह्यजे तिचा. आतून ओढ लागली का उठते का नाही पाहा.” मग त्यांनी पान सोडून दिलं. “तू शिकलेली हायेस. मी अडाणी. चुकत असन तं आताच सांग.”

बाबांनी आयुष्यात मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला काहीही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की मृगाला जेमतेम सहा आठवडे उरले आहेत, गोळ्या झाल्या, शॉक झाले, ताईत झाले, आणि हा एकच माणूस असा आहे ज्याचा अंदाज झाडांच्या बाबतीत कधी चुकलेला नाही. मी म्हटलं, “करून पाहू, बाबा.” भाऊजींना समजवायचं कामही मीच अंगावर घेतलं. बाबांना ते मामाजी म्हणत. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “मामाजी म्हणत असन तं बरोबरच असन.”

पहिल्या शनिवारी ताईनं कुणी न सांगता आंघोळ केली आणि ती ओट्यावर येऊन बसली. मार्चमधल्या त्या आठ दिवसांनंतर तिनं आपणहून आंघोळ करण्याची ती पहिली खेप. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन ओट्यावर चढलं तरी ती हलेना. मी जाऊन म्हटलं, “ताई, कुंदाले ताप हाय. येत नाही आज.” ती म्हणाली, “बरं.” मी आत येऊन बाबांना सांगितलं, ओढ लागून राहिली. बाबांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा आंघोळ, पुन्हा ओटा. मी म्हटलं, कुंदा आत्याकडे गेली. तिसऱ्या शनिवारी बस चुकली. माझं खोटं दर आठवड्याला सफाईदार होत गेलं. ताई दर वेळी “बरं” म्हणायची आणि तरीही बसून राहायची. तिचं अन्न तुटलं. ताट ठेवलं तसंच राहायचं. गालाची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. कुठल्याही शहाण्या माणसानं तिथंच थांबवलं असतं. आम्ही मात्र संत्रेवाले. पानं गळायला लागली की आम्ही खूश होतो. बाबा संध्याकाळी येऊन तिच्याकडे पाहायचे आणि मला बाजूला घेऊन म्हणायचे, “अजून आठ दिवस. आता बरोबर चाललं.” आणि मी मान डोलवायचे. ती डोळ्यांदेखत वाळत होती, आणि आम्ही दोघं त्यात बहार शोधत होतो.

मायला ते जमलं नाही. ती पदराआड दूधभाताची वाटी नेऊन ताईला भरवायची आणि आम्ही पकडलं की आमच्यावरच ओरडायची, “झाड हाय का ते? पोरगी हाय माही!” घरातलं सगळ्यांत खरं वाक्य तेच होतं. आम्ही तिला अडाणी म्हटलं.

नवतपा लागला. सूर्य नऊ दिवस डोक्यावरून हलत नाही, ते दिवस. रस्त्यावर डांबर पाघळलेलं, सुराहीचं पाणीसुद्धा कोमट. अशाच एका दुपारी बाबा जेवत होते, आणि ताई आपणहून बोलली. “बाबा, बगीच्याच्या इहिरीले पाणी हाय का?”

बाबांचा घास हातातच राहिला. आपणहून चौकशी! “गंज हाय, बाई! दोन पुरुस खोल हाय. काहून नाही राहणार?” ते मायकडे पाहून हसले. माय हसली. मी ताईच्या तोंडाकडे पाहिलं. तिला बगीच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, तिला विहीर हवी होती. त्या दिवसापासून मी तिला एकटं सोडलं नाही. कॉलेज तर बंदच होतं. ती आंघोळीला गेली तरी मी मोरीच्या दाराशी बसायचे. बाबांना का सांगितलं नाही? त्यांचं ते हसू मोडवेना म्हणून. आणि एवढं कळूनही पुढच्या शनिवारी मी ओट्यावर जाऊन म्हटलं, “ताई, कुंदाच्या आजीचा पाय दुखते, म्हून नाही आले.” हे मी विसरू शकत नाही, आणि विसरायचा मला अधिकारही नाही.

असे सहा शनिवार गेले. मग मृग आलं. बाबांनी पहाटेच जाऊन इंजिन सुरू केलं, दांडातून पाणी सोडलं, आणि त्याच दिवशी खाप्याहून कुंदाला बोलावलं. ते घाईनं सायकल मारत परत आले तेव्हा त्यांच्या पायांवर अजून ओली माती होती. दुपारच्या बसनं भाऊजी, सासूबाई आणि कुंदा आले. कुंदाला शाळेसाठी शिवलेला नवा फ्रॉक घातला होता. ती दारातच थांबली आणि आजीच्या लुगड्याआड गेली. दीड महिन्यात तिची आई तिला ओळखू येईना अशी झाली होती.

“जा नं बाई,” बाबा म्हणाले. “आईजवळ जा.” मुलगी जाईना. बाबा एकदा तिच्याकडे पाहत होते, एकदा ताईकडे. मला त्यांच्याकडे बघवेना.

ताई उठली. खरंच उठली, आपल्या पायांनी. मायनं हात जोडले. ताई कुंदापाशी गेली, तिच्या फ्रॉकचं मागचं सुटलेलं बटण लावलं, आणि सरळ उभी राहून सासूला म्हणाली, “मामीजी, इले घेऊन जा. शाळेत टाका. अन् यायच्यासाठी दुसरी बायको पाहा. माहं काही म्हणणं नाही.”

“शके, काय बोलून राहिली तू!” बाबा ओरडले. ताई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. भाऊजी तेवढा वेळ उभेच होते. जाताना त्यांनी डांगर मायच्या हातात दिलं आणि मुलीला उचलून घेतलं.

त्या वर्षी बेसाच्या बगीच्याला असा बहार आला की लोक पाहायला येत. बाबा त्या पांढऱ्या फुलांखाली बसून रडायचे, असं गडीमाणसं सांगायची. पुढच्या वर्षी भाऊजींचं लग्न झालं. दुसरी बाई चांगली निघाली, तिनं कुंदाला आपल्या पोटच्यासारखं केलं. गोळ्या बदलत गेल्या. आता नव्या येतात, नावं नवी, रंग नवे. ताई कधी एखादा महिना बरी असते, भाजी निवडते, पेपरची पानं उलटते, आणि पुन्हा खाली जाते. डॉक्टरही आता दुसरे आहेत. हेही म्हणतात, पाहत राहू. बाबा गेले ते एकच बोलत गेले, “आपण पाणी जास्त तोडलं, पुष्पे. आठ दिवस आधी सोडाले पाह्यजे होतं.” मी त्यांना हो म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं. सहा शनिवार आपल्या मुलीची वाट पाहून ताई आतून जळून गेली आणि वाट बंद करून बसलो ते आम्ही, असं मी पंधरा वर्षं समजत आले.

परवा कूलर बसवून झाला आणि दुपारी कुंदा आली. आता वीस वर्षांची आहे. तिचं लग्न ठरलं आहे, गांधीबागेत कापड घ्यायला आली होती. पत्रिका ताईच्या मांडीवर ठेवून पाया पडली आणि माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली. पाणी प्यायली. उगाच पेला विसळत राहिली. मग म्हणाली, “मावशी, एक इचारू? मी लहान असताना मधात मले इथं आणणं बंद केलं होतं नं? तवा आई माही आठवण काढे का?”

मला खोटं बोलायची सवय आहे, पण हे मला खरंच वाटत होतं. “काढे नं,” मी म्हटलं. “दर शनिवारी आंघोळ करून ओट्यावर येऊन बसे तुह्यासाठी.” तिला का आणलं नाही, तेवढं मात्र सांगितलं नाही.

“खोटं नको सांगू तिले.”

ताई दारात उभी होती. खुर्चीतून उठून ती आपणहून इतकी चालत आली, हे मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून ती कुंदाशी बोलायला लागली. एकेक शब्द लांबून आणल्यासारखा.

“बाबानं माहं पाणी तोडलं होतं. मले पहिल्याच शनिवारी समजलं. मी बी त्यायचीच पोरगी हाय. पण मी काही म्हटलं नाही. मले वाटलं, बाबाले झाडाचं समजते, कोण जाणे, होईन बी. दर शनिवारी आंघोळ करो, ओट्यावर बसो, अन् आतमंदी पाहो. लागली का ओढ? आज लागन, आज लागन. सहा शनिवार पाह्यलं, कुंदे. नाहीच लागली. तू माही पोट्टी हायेस हे मले समजे. फक्त समजे.”

कुंदाच्या हातातला पेला तसाच होता. “म्हून देऊन टाकलं मले?”

“माह्याजवळ राहिली असती तं रोज माह्या तोंडाकडे पाह्यलं असतं तू. अन् तुले वाटलं असतं का तुह्यातच काही कमी हाय. कमी माह्यात होतं, बाई. तुह्यात नाही.”

पंधरा वर्षं मी ज्या अपराधाचं ओझं वाहत होते तो खरा होताच, पण त्याच्याही खाली हे होतं, आणि हे तिनं एकटीनं उचललं होतं.

कुंदानं पेला खाली ठेवला. “अन् आता?”

ताईनं तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. खोटं बोलली असती तरी चाललं असतं, आम्ही तिघींनीही मानून घेतलं असतं.

“अजून पाहून राहिली,” ती म्हणाली.

कुंदानं तिला हाताला धरून खुर्चीपाशी नेलं, बसवलं, आणि स्वतः तिच्या पायापाशी फरशीवर बसली. खाप्याची साडेपाचची बस तिनं जाऊ दिली.